बौद्ध साहित्यातला शोक धम्म कसा शिकवतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालि आणि संस्कृत बौद्ध ग्रंथ वाचायला घेतले की एक गोष्ट लगेच जाणवते. शांतीचा मार्ग सांगणाऱ्या या साहित्यात माणसं फार रडतात. आई रडते, राजा रडतो, भिक्षू रडतात, घोडासुद्धा रडतो. हे रडणं तिथे का आहे आणि ते काय शिकवतं, याबद्दल वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

दुःख आणि शोक एकच ना?

नाही. 'दुक्ख' हा मोठा शब्द आहे. जन्म, जरा, मरण, अप्रियाशी गाठ, प्रियाचा वियोग, हवं ते न मिळणं हे सगळं त्यात येतं. शोक त्याचा एक भाग. ग्रंथांत तो एकटा येत नाही, पाच जणांच्या रांगेत येतो: सोक, परिदेव, दुक्ख, दोमनस्स, उपायास. (या रांगेतलं 'दुक्ख' म्हणजे शरीराची वेदना.) सोक म्हणजे आतली जळजळ. परिदेव म्हणजे ती तोंडावाटे बाहेर पडते तो विलाप. दोमनस्स म्हणजे मनाची वेदना. उपायास म्हणजे रडून रडून काही उरलं नाही अशी अवस्था.

पालि भाष्यकार बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्गा'त यासाठी स्वयंपाकघरातली उपमा दिली आहे. मंद आचेवर भांड्यात तेल तापत राहतं तो शोक. आच वाढून ते उतू जातं तो विलाप. उतू जाण्याइतकंही उरलं नाही आणि आतल्या आत आटत राहिलं, तो उपायास. ज्याने घरातला मृत्यू पाहिला आहे त्याला यापुढे व्याख्या लागत नाही.

शोकातून मुक्ती हे ध्येय, मग शोकाच्या इतक्या कथा कशाला?

कारण या परंपरेत शोक हे दार आहे. संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहातल्या (सुत्त म्हणजे बुद्धांचा उपदेश) उपनिस सुत्तात कारणांची एक साखळी दिली आहे. अविद्येपासून दुःखापर्यंत ती आपल्या ओळखीची, पण तिथे थांबत नाही. दुःखातून श्रद्धा, श्रद्धेतून प्रमोद, मग प्रीती, असं करत ती मुक्तीपर्यंत जाते. श्रद्धेचं जवळचं कारण म्हणून तिथे दुःखाचं नाव आहे, हे अनेक वाचक पाहतही नाहीत.

आणखी एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे: संवेग. मराठीत 'संवेग' म्हटलं की भौतिकशास्त्राचा तास आठवतो, पण पालित याचा अर्थ हादरा. अंगुत्तर निकायात चार घोड्यांची उपमा आहे. एक घोडा पराणीची नुसती सावली पाहून सावध होतो, दुसरा ती केसांना लागल्यावर, तिसरा कातडीला टोचल्यावर, चौथा हाडापर्यंत गेल्यावर. माणसांचंही तसंच. कुणाला दूरच्या गावात कुणी गेल्याचं ऐकून संवेग होतो, कुणाला डोळ्यांनी पाहून, कुणाला घरचं माणूस गेल्यावर, आणि कुणाला स्वतःच्या मरणयातना सुरू झाल्यावर. शोककथा वाचकाला पहिला घोडा व्हायची संधी देते. दूरच्या गावातली बातमी ती त्याच्यापर्यंत आणून पोचवते.

किसा गोतमीच्या मोहरीच्या गोष्टीचं तात्पर्य 'सगळ्यांनाच मरायचं आहे' एवढंच ना?

एवढंच असतं तर बुद्धांनी ते एका वाक्यात सांगितलं असतं, आणि तिने ते ऐकलं नसतं.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. श्रावस्तीची किसा गोतमी मेलेलं मूल कडेवर घेऊन दारोदार औषध मागते. लोक तिला वेडी ठरवतात. एक शहाणा माणूस तिला बुद्धांकडे पाठवतो. बुद्ध म्हणतात, चिमूटभर मोहरी आण, पण ज्या घरात कुणीच मेलं नाही अशा घरातून.

आता काय घडत नाही ते पाहा. "तुझं मूल मेलं आहे" असं बुद्ध म्हणत नाहीत. तिची मागणी ते धुडकावत नाहीत. ती औषध मागत होती, ते औषधाचं सामान सांगतात. ती आधीपासून दारोदार फिरतच होती, ते तिला पुन्हा दारोदारच पाठवतात. फक्त विचारायचा प्रश्न बदलतो. आधी ती विचारत होती, "माझ्या मुलाला औषध आहे का?" आता विचारते, "तुमच्याकडे कुणी गेलं आहे का?" पहिल्या प्रश्नाला लोक हसले होते. दुसऱ्याला ते उत्तर देतात. मोहरी घराघरात आहे, पण तिच्यासोबत प्रत्येक घरातून एकेक मेलेलं माणूस निघतं. दिवस मावळेपर्यंत तिने किती जणांचं ऐकून घेतलं असेल! माझ्या मते औषध हे ऐकणं होतं. मोहरी फक्त निमित्त.

मग ती स्वतःच मुलाला स्मशानात ठेवून येते. अट्ठकथेत, म्हणजे भाष्यग्रंथात, तिच्या तोंडी आलेल्या गाथेचा आशय असा: हा कुण्या एका गावाचा धर्म नाही, एका कुळाचा नाही, देवांसकट सगळ्या जगाचा हाच धर्म आहे, तो म्हणजे अनित्यता. 'धम्म' या शब्दाचा 'नियम' आणि 'शिकवण' असा दुहेरी अर्थ इथे एकाच जागी भेटतो. जाता जाता एक गंमत: पांढऱ्या मोहरीला पालित 'सिद्धत्थक' म्हणतात.

ही गोष्ट त्रिपिटकात आहे का?

मोहरीची कथा अट्ठकथांमध्ये येते. मूळ पिटकात किसा गोतमी आहे, पण वेगळ्या रूपात. संयुत्त निकायात मार, म्हणजे साधकांना भुलवणारा, तिला डिवचतो: मूल मेल्यासारखी रडवेल्या तोंडाने एकटी का बसली आहेस? ती म्हणते, मुलांच्या मरणाच्या मी पार गेले आहे. "न सोचामि न रोदामि." मी शोक करत नाही, रडत नाही आणि तुला भीतही नाही. थेरीगाथेत (थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, यांच्या गाथांच्या संग्रहात) तिच्या नावावर असलेल्या गाथांमध्ये मात्र पटाचारा या दुसऱ्या थेरीच्या आयुष्यातले प्रसंग मिसळले आहेत. शोकाच्या कथा अशा एकमेकींत सांडतात. एका स्त्रीचं दुःख दुसरीच्या तोंडी जातं. संशोधकांना ही अडचण वाटते, मला ती या साहित्याच्या स्वभावाला धरून वाटते.

पटाचाराची कथा इतकी भीषण का रंगवली आहे?

नवरा सर्पदंशाने गेला. नुकतंच जन्मलेलं मूल ससाण्याने नेलं, मोठा मुलगा नदीत वाहून गेला. माहेरी निघाली तर वाटेत कळलं की घर कोसळून आईवडील आणि भाऊ गेले, तिघांची एकच चिता पेटली आहे. अंगावरचं वस्त्र गळून पडलं तरी तिला भान नाही. लोक कचरा आणि ढेकळं मारून तिला हाकलतात. हे सगळं एका दिवसात. आजचा संपादक म्हणेल, एखादा मृत्यू कमी करा.

पण कथाकाराला 'हिचं दुःख माझ्यापेक्षा मोठं' असं म्हणायला प्रत्येक ऐकणाऱ्याला भाग पाडायचं आहे. मग जेतवनात बुद्ध तिला पहिलं काय सांगतात? "भगिनी, स्मृती परत मिळव." अनित्यतेवर प्रवचन नाही, आधी भान. भान आल्यावर तिला आपण उघड्या आहोत हे कळतं, कुणीतरी अंगावरचं वस्त्र तिच्याकडे टाकतो, आणि त्यानंतर उपदेश सुरू होतो. आधी वस्त्र, मग धम्म. हा क्रम कथेत सहज आला आहे असं मला वाटत नाही.

पुढे तीच पटाचारा गुरू होते. थेरीगाथेत मुलं गमावलेल्या स्त्रियांना ती विचारते:

"यस्स मग्गं न जानासि, आगतस्स गतस्स वा;
तं कुतो चागतं सत्तं, मम पुत्तोति रोदसि."

जो कुठल्या वाटेने आला आणि कुठल्या वाटेने गेला हे तुला ठाऊक नाही, त्याला 'माझा मुलगा' म्हणून रडतेस? हे शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडी निर्दय वाटले असते. पटाचाराला तो हक्क आहे.

उब्बिरीच्या गाथेतला ८४,००० हा आकडा काय आहे?

उब्बिरी जीवा नावाच्या आपल्या मुलीसाठी वनात आक्रोश करते. बुद्ध म्हणतात, उब्बिरी, भानावर ये. जीवा याच नावाच्या ८४,००० मुली याच स्मशानात जळल्या आहेत. "तासं कमनुसोचसि?" त्यांतल्या कोणत्या जीवेसाठी रडते आहेस?

मुलीच्या नावाचा अर्थ 'जगणारी', आणि तिला स्मशानात हाका. तीन गाथांची कविता, पण तिचा धक्का मोहरीच्या कथेपेक्षा मोठा आहे. किसा गोतमीला इतरांची मेलेली माणसं भेटतात. उब्बिरीला सांगितलं जातं की त्या सगळ्या तुझ्याच होत्या, जन्मोजन्मीच्या, आणि त्यांतली एकही तुला आठवत नाही. आज जिच्यासाठी जीव जातो आहे, तिचंही पुढे तसंच होणार. अनादि संसारात आपण गाळलेले अश्रू चार महासागरांच्या पाण्याहून अधिक आहेत, हे संयुत्त निकायातलं वचन याच जातीचं. शोकाला लहान ठरवायची ही पद्धत नाही. तो इतका मोठा करून दाखवायचा की 'माझा' म्हणून मिठीत मावूच नये.

रडणं चूक आहे असं बुद्ध म्हणतात का?

याचं उत्तर 'महापरिनिब्बान सुत्ता'त सापडतं, पण सावकाश वाचावं लागतं.

कुशिनाराला बुद्धांचा अंतकाळ जवळ आल्यावर त्यांचा सेवक-शिष्य आनंद विहारात जाऊन दाराच्या चौकटीला टेकून रडतो. मी अजून शिकणाराच आहे, आणि माझ्यावर माया करणारे शास्ते निघाले. बुद्ध त्याला बोलावून घेतात आणि म्हणतात, "अलं आनन्द, मा सोचि, मा परिदेवि." पुरे आनंद, शोक करू नकोस, विलाप करू नकोस. प्रिय ते सगळं सोडून जाणार, हे मी आधीच सांगितलं नव्हतं का? इथवर उपदेश आहे. पण लगेच पुढे ते म्हणतात की तू दीर्घकाळ मैत्रीने, कायेने, वाचेने, मनाने माझी सेवा केलीस. मग भिक्षूंसमोर त्याचे गुण सांगतात. रडणाऱ्याला त्यांनी गप्प केलं, पण रिकाम्या हाताने नाही.

आता परिनिर्वाणानंतरचा प्रसंग. ज्येष्ठ शिष्य महाकस्सप भिक्षूंसह वाटेत असताना बातमी येते. काही भिक्षू हात वर करून रडतात, जमिनीवर लोळतात. तेव्हा म्हातारपणी प्रव्रज्या घेतलेला सुभद्द म्हणतो, "अलं आवुसो, मा सोचित्थ, मा परिदेवित्थ." पुरे, शोक करू नका, विलाप करू नका, त्या महाश्रमणापासून आपण सुटलो; आता वाटेल ते करू.

शब्द तेच! बुद्धांच्या तोंडचं वाक्य आणि सुभद्दाचं वाक्य यांत फरक फक्त एकवचन-अनेकवचनाचा. परंपरेने मात्र सुभद्दाची गणना शहाण्यांत केली नाही, आणि रडणाऱ्या भिक्षूंची टवाळीही केली नाही. कोरडे डोळे म्हणजे ज्ञान, असं समजणाऱ्याने हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत.

सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे पट्टशिष्य गेल्यावर खुद्द बुद्ध म्हणतात की ही परिषद मला रिकामी झाल्यासारखी दिसते. त्यात शोक नाही, असं ते सुत्तच पुढे सांगतं. पण रिकामी जागा दिसते, आणि तसं बोलूनही दाखवलं जातं.

दोन बाणांची उपमा इथेच बसते. पहिला बाण वेदनेचा, तो ज्ञानी माणसालाही लागतो. त्यावर छाती बडवून घेणं हा दुसरा. शिकवण दुसऱ्या बाणाबद्दल आहे.

प्रियापासूनच शोक होतो म्हणतात. मग माया लावूच नये का?

हा प्रश्न प्रसेनजित राजाच्या महालातही पोचला होता. मज्झिम निकायातल्या पियजातिक सुत्तात एका गृहस्थाचा एकुलता एक मुलगा जातो. तो खाणंपिणं, कामधंदा सोडून स्मशानात "कुठे आहेस, माझ्या एकुलत्या?" म्हणत फिरतो. बुद्ध म्हणतात, शोक-परिदेव प्रियापासून जन्मतात. गृहस्थाला हे पटत नाही. प्रियापासून आनंद होतो, असं म्हणून तो उठून जातो. जवळच फासे खेळणारे जुगारी असतात, ते त्याच्याच बाजूने कौल देतात.

म्हणजे बुद्धांचा उपदेश इथे चालला नाही, आणि सुत्ताने ते लपवलं नाही. गोष्ट राजापर्यंत जाते. मल्लिका राणी म्हणते, भगवंत म्हणाले असतील तर तसंच असेल. राजा चिडतो: ते काय म्हणतील त्याला तू शिष्येसारखी मान डोलावतेस. पुढे मल्लिका राजाला विचारते, वजिरी मुलगी तुम्हाला प्रिय आहे का? तिचं काही बरंवाईट झालं तर? मी प्रिय आहे का? काशी-कोसल प्रिय आहे का? राजा हळूहळू गप्प होतो. गृहस्थाला जे दुःखाच्या भरात पटलं नाही, ते राजाला शोक व्हायच्या आधी पटलं. पुन्हा तो पहिला घोडा.

'उदान' ग्रंथातली उपासिका विशाखाही इथे आठवते. लाडकी नात गेली म्हणून ती भर दुपारी ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी येते. श्रावस्तीत जितकी माणसं तितकी नातवंडं हवीत का, असं विचारल्यावर ती हो म्हणते. मग या नगरात रोज कुणी ना कुणी मरतंच. तुझे केस कधी वाळतील का?

माया लावू नये असा अर्थ काढण्याआधी मेत्त सुत्त उघडावं. आईने आपल्या एकुलत्या एका मुलाला जिवापाड जपावं तसं अपरिमित मन सर्व प्राण्यांबद्दल ठेवावं, असं ते सांगतं. तिथेही शब्द 'एकपुत्त' हाच आहे. स्मशानातल्या बापाची उपमाच मैत्रीचं माप झाली. शिकवण माया आटवायला सांगत नाही, तिचं कुंपण काढायला सांगते. तसं जमतं का, हा प्रश्न ज्याचा त्याचा.

जातकांमध्ये, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथांमध्ये, शोक घालवायला वेड्याचं सोंग का घेतात?

कारण शोकातल्या माणसाला स्वतःचं वेड दिसत नाही, दुसऱ्याचं लगेच दिसतं. सुजात जातकात आजोबांच्या मृत्यूने खचलेल्या बापासाठी मुलगा मेलेल्या बैलापुढे गवत-पाणी ठेवून "खा, पी" म्हणत बसतो. बाप धावत येतो: वेडा झालास का? मुलगा म्हणतो, बैलाचं डोकं, पाय, शेपूट तरी जागेवर आहे. आजोबांचं काय दिसतं आहे? घट जातकात मुलाच्या शोकात बुडालेल्या वासुदेवाचा भाऊ "मला ससा द्या" म्हणत हिंडतो. सोन्याचा, रत्नांचा ससा देऊ केला तरी नको, चंद्रावरचा हवा. मट्ठकुंडलीच्या कथेत सोंग घेणाऱ्याला रथाला चाकं म्हणून सूर्य-चंद्र हवे असतात.

या कथांच्या शेवटी शोक उतरलेला माणूस एकच गाथा म्हणतो: "अब्बही वत मे सल्लं", काळजात रुतलेलं शल्य उपटून काढलंस. कुठे 'पुत्रशोक' तर कुठे 'पितृशोक', एवढाच बदल. थेरीगाथेत पटाचाराच्या शिष्या म्हणतात तीही हीच. एखादी ओवी घरोघरी थोडी बदलून म्हटली जावी तशी ही ओळ फिरत राहिली आहे.

उरग जातकातली न रडणारी माणसं निष्ठुर नाहीत का?

मलाही पहिल्यांदा तशीच वाटली. मुलगा शेतात साप चावून मरतो आणि बाप नांगरत राहतो. घरी निरोप जातो की आज एकाच माणसाचं जेवण आणा. चितेपाशी कुणीच रडत नाही, तेव्हा शक्र, म्हणजे इंद्र, विचारतो, हा तुमचा शत्रू होता का? आईचं उत्तर: न बोलावता आला, न विचारता गेला. पण हे कुटुंब आधीपासून रोज मरणस्मृतीचा अभ्यास करत होतं, हे कथा सुरुवातीलाच सांगते. तो भाग गाळून ही गोष्ट सांगितली तर ती निष्ठुरच होते. सांत्वनाला गेलेल्यांनी ही गोष्ट सांगू नये.

वेस्संतराने मुलं दान केली. तिथे मद्दीच्या विलापातून कोणता धर्म कळतो?

हा सगळ्यांत अवघड प्रश्न. वेस्संतर हा जातकातला दानशूर राजपुत्र, मद्दी त्याची बायको. त्यांची मुलं जाली आणि कण्हाजिना यांना ब्राह्मण ओढत नेतो. जाताना मुलं खेळण्यातले हत्ती, घोडे, बैल आईला द्यायला सांगतात, ती त्यांच्याकडे पाहून शोक आवरेल म्हणून. रानातून परतलेली मद्दी रात्रभर मुलांना शोधते आणि बेशुद्ध पडते. दानपारमिता, म्हणजे दानाची पराकाष्ठा, सांगणाऱ्या कथेने दानाची किंमत कुणी मोजली याचा सगळा हिशेब मांडून ठेवला आहे. कवीला फक्त दानाची थोरवी गायची असती तर मद्दीला इतक्या गाथा दिल्या नसत्या. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात मिलिंद राजाही भिक्षू नागसेनाला विचारतो, दुसऱ्याला दुःख देऊन केलेलं दान ते कसलं? नागसेन बचाव करतो. मला राजाचा प्रश्न जास्त काळ आठवणीत राहतो.

संस्कृत काव्यात हा शोक करुणरसासाठी येतो का?

येतो, पण अश्वघोषाने हेतू लपवलेला नाही. 'बुद्धचरिता'चा आठवा सर्ग अंतःपुराच्या विलापाचा आहे. सिद्धार्थाला सोडून सारथी छंदक एकटा परततो, कंथक घोडा अश्रू ढाळतो, यशोधरा दोघांनाही बोल लावते. 'सौंदरनंदा'त बुद्धांचा सावत्र भाऊ नंद भिक्षू होतो; आधी त्याची बायको सुंदरी हिचा विलाप, मग नंदाचा. अखेरीस कवी सांगतो की ही रचना रमवण्यासाठी नाही, शांतीसाठी आहे. कडू औषध घशाखाली जावं म्हणून मधात कालवलं. आपल्याला इथे मध कुठला, असा प्रश्न पडतो. विलाप हाच मध आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातली शोकाने कोसळणारी स्त्री ही सुंदरीच मानली जाते.

करुणरस आणि करुणा यांत फरक काय?

बुद्धघोष करुणेचे दोन शत्रू सांगतो. दूरचा शत्रू क्रौर्य, तो ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे घरगुती शोक, आपलं काही हरवल्याचं दुःख. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून फसवतो. दुसऱ्याची कथा वाचताना आपण त्याच्यासाठी रडतो की स्वतःसाठी, हे तपासायला ही विभागणी उपयोगी पडते.

शोक स्त्रियाच करतात, असं हे साहित्य मानतं का?

नाही. राणी भद्दा गेल्यावर मुंड राजा तिचं प्रेत तेलाने भरलेल्या लोखंडी पात्रात ठेवायला लावतो. त्याला पाटलिपुत्राच्या कुक्कुटारामात नारद भिक्षू 'सोकसल्लहरण', म्हणजे शोकाचं शल्य काढणारा उपदेश करतात. स्मशानात फिरणारा बाप आणि आनंद वर आलेच. पण ज्यांच्या शोकाची पुढे कविता झाली, त्या बहुतेक थेरी आहेत.

बाबासाहेबांनी तर दुःखाच्या शिकवणीबद्दलच शंका घेतली होती ना?

हो. १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत त्यांनी विचारलं की चार आर्यसत्यं मूळ शिकवणीची की भिक्षूंनी मागाहून घातलेली, कारण जन्म, मरण, पुनर्जन्म सगळंच दुःख असेल तर धम्म निराशावादी ठरतो. गृहत्यागाचं कारण म्हणूनही त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरचा शाक्य-कोलीय तंटा पुढे ठेवला. पण त्याच ग्रंथात विशाखा आणि किसा गोतमी यांच्या सांत्वनाचे प्रसंग त्यांनी आवर्जून घेतले आहेत. शंका 'जगणं म्हणजेच दुःख' या सिद्धांताबद्दल होती. शोकात बुडालेल्या माणसाजवळ बुद्ध जातात, याबद्दल नव्हती.

धम्म ऐकून डोळ्यांत पाणी आलं तर तोही शोकच का?

मिलिंदाने हेही विचारलं आहे. एक जण आई गेली म्हणून रडतो, दुसरा धम्माच्या प्रेमाने. कुणाचे अश्रू औषध? नागसेन म्हणतो, पहिले उष्ण, दुसरे शीतल. शीतल ते औषध.

सुरुवात कुठून करावी?

थेरीगाथेपासून. त्यात थेरींच्या ७३ रचना आहेत, बहुतेक छोट्या. आधी उब्बिरी, मग पटाचारा. अट्ठकथेतली गोष्ट नंतर वाचा, आधी नुसत्या गाथा. आणि शक्य असेल तर मोठ्याने. त्या म्हणण्यासाठीच रचलेल्या आहेत.